धाकूच्या काचेवरची हळद

आमच्या गावात धाकू ओळखला जातो तो त्याच्या बायकोमुळे आणि त्याच्या जीपमुळे. बायको गाते, जीप बोंबलते. धाकू स्वतः फारसं काही करत नाही. तो दोघींना फिरवतो.

बायको तुळसा. ती धवलारीण आहे. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात प्रत्येक कामाचं वेगळं गाणं असतं, मांडव घालण्याचं, हळद दळण्याचं, ती लावण्याचं. त्या गाण्यांना धवले म्हणतात आणि ते जिला येतात ती धवलारीण. देवांना लग्नाचं बोलावणं करायचं कामही तिचंच. भटजी येतात ते नंतर, आणि येताना पुढच्या लग्नाची घाई घेऊन येतात. तुळसाला घाई माहीत नाही. तिने आवाज लावला की देवसुद्धा सावकाश चपला काढून मांडवात शिरतात, असं आमच्याकडच्या म्हाताऱ्या सांगतात. धाकूचं मत वेगळं आहे. देव येतात ते वड्यांच्या वासाने, असं तो म्हणतो.

जीपला कंपनीने काय नाव दिलं होतं ते मागच्या दारावर लिहिलेलं होतं, पण त्यातली निम्मी अक्षरं कधीच गळून पडली. त्याने काही बिघडलं नाही. आमच्याकडे उंच बुडाची चार चाकं असली की ती जीप.

धाकूचा बाप उन्हाळ्यात मिठागरावर राबायचा आणि पावसाळ्यात खाडीकाठच्या शेतात भात लावायचा. धाकूने दोन्हीकडे पाठ फिरवली आणि ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर म्हणून लागला. पुढे कारखाना बंद पडला. त्याच सुमाराला गावात इमारतवाले शिरले. जिथे भात व्हायचं तिथे पार्किंग झालं, जिथे मीठ व्हायचं तिथे पार्किंगवाल्यांच्या गाड्या धुवायचं दुकान झालं, आणि धाकूचा धाकूशेठ झाला. शेठ होऊन करायचं काय, हे मात्र त्याला कोणी सांगितलं नाही. गळ्यात जाड साखळी घालून तो ओट्यावर बसला. बसून बसून त्याला मुंग्या आल्या. एके सकाळी तुळसा कुठल्याशा लग्नाला रिक्षा शोधत उभी होती, ती उन्हात उभी दिसली आणि धाकूला आपल्या जन्माचं काम सापडलं. त्याने जीप घेतली, दार उघडलं आणि म्हणाला, "बस."

तेव्हापासून ती बसते आणि तो चालवतो. धवला एकटीने म्हणता येत नाही. एकीने ओळ सोडली की दुसरीने ती मागून ओढायची असते. मांडवात तुळसाच्या मागे ओढायला बायका असतात. पण वाटेत ती सराव करते तेव्हा मागची ओळ ओढतो धाकू. त्याचा आवाज फुटक्या सायलेन्सरसारखा आहे आणि मांडवात तोंड उघडायची त्याला सक्त मनाई आहे. गाडीत मात्र तो गातो, गाव मागे पडलं की, काचा वर करून. धाकूच्या आयुष्यात देवधर्म म्हणण्यासारखं जे काही आहे ते एवढंच.

आता हळदीकडे येतो.

धवलारणीची गाडी मांडवाशी लागली की लग्नघरच्या बायका ओवाळायला धावतात. धवलारणीला तर ओवाळतातच, पण तिला घेऊन आली म्हणून गाडीलाही मान असतो. तेलात कालवलेल्या हळदीची पाच बोटं काचेवर उमटतात. वायपरखाली झेंडूची फुलं खोचली जातात. सुपातलं भात मुठीमुठीने काचेवर उधळलं जातं. हे भात म्हणजे शिजवायचा तांदूळ नव्हे, सालीसकटचं भात, बियाण्याचं. सोललेला तांदूळ देवाला फसवल्यासारखा होतो, असं तुळसाचं म्हणणं, आणि लग्नघरात तुळसाच्या म्हणण्यापुढे कोणी जात नाही.

आणि लग्नघरची हळद हाताने पुसायची नाही, हा धाकूचा कायदा. नवरदेवाच्या अंगावरची हळद कशी आपली आपण उतरते, तशीच गाडीची उतरली पाहिजे. हा कायदा धाकूने स्वतःच काढला आणि स्वतःच मंजूर केला. तुळसाला त्याने विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तिने नामंजूर केला असता. सिग्नलला कोणी फडकं घेऊन काच पुसायला आला की धाकू आतून असा ओरडायचा, की तो बिचारा फडकं टाकून पुढच्या दोन गाड्या सोडून द्यायचा. एका लग्नाची हळद उतरायच्या आत दुसऱ्या लग्नाची चढायची. वर्षावर वर्षं गेली. धाकूला कल्याणचा पूल हळदीचा दिसायचा, शहाडचं वळण हळदीचं दिसायचं, समोरून येणारा हवालदारसुद्धा नवरदेवासारखा दिसायचा.

कोरड्या दिवसात हे चालून जायचं. पावसात वायपर फिरवला की तेल आणि हळद काचेवर अशी पसरायची, जशी तव्यावर घावनाचं पीठ पसरतं. धाकू मग वायपरला शिव्या द्यायचा आणि त्याला सुधारायला बसायचा. एकदा त्याने पात्यांचं रबर रॉकेलने पुसलं. रबर फुगलं आणि काचेवर कुत्र्याच्या पिल्लासारखं केकाटू लागलं. एकदा टेम्पोच्या दिवसांतली युक्ती म्हणून बिडीतली तंबाखू काचेला चोळली, त्याने हळदीला नुसता वास आला. कल्याणहून नवी पाती आणली. ती दोन दिवस चालली आणि मग तीही पिवळी पडली. शेवटी शेवटी वायपर वर जायचा आणि खाली यायला विसरायचा, अर्ध्यात थांबून कण्हायचा. काच सोडून सगळ्या जगाचा दोष होता, कारण काचेवर हळद होती आणि हळदीचा दोष काढणार कोण?

यंदा लगीनसराईत अवकाळी पाऊस आला. म्हारळच्या बाजूला एक हळद होती. मांडवाच्या तोंडाशी रस्त्यावर भली थोरली कमान उभी होती आणि कमानीत फ्लेक्स. फ्लेक्सच्या मध्यभागी नवरदेव गॉगल लावून, वर ज्यांना लग्नाशी काही देणंघेणं नाही असे पुढारी, आणि खाली शुभेच्छुकांच्या रांगा. त्या शुभेच्छुकांत धाकूचा मुलगा मितेशही होता. फोटोसाठी त्याने खास कोट भाड्याने घेतला होता.

पाऊस तिरका लागला. धाकूने वायपर लावला. वायपर वर गेला, कण्हला आणि तिथेच उभा राहिला. धाकूला समोर पिवळं दिसत होतं, म्हणजे नेहमीसारखंच दिसत होतं. तो तुळसाच्या मागे ओळ ओढत तसाच पुढे गेला आणि कमानीतून जायच्या ऐवजी कमानीच्या खांबातून गेला. बांबू वाजले, बायका किंचाळल्या, बेंजोवाले वाजवायचे थांबले. जीप मांडवात थांबली तेव्हा काचेवर अख्खा फ्लेक्स पांघरलेला होता. त्याच क्षणी वायपरला आठवण झाली आणि तो खाली आला, नवरदेवाच्या गॉगलवरून, एका पुढाऱ्याच्या मिशीवरून.

कोणाला लागलं नाही. तुळसा खाली उतरली, पदर सावरला आणि काही झालंच नाही अशा थाटात गणपतीला बोलावणं लावलं. पण मितेश तिथेच होता. त्याने आधी आपला फोटो शोधला. कोटाच्या वर, गळ्यापाशी फाटला होता.

घरी आल्यावर त्याने जीपची चावी खुंटीवरून काढली आणि स्वतःच्या खिशात टाकली.

"बाबा, तुझे डोळे गेले."

"माझे डोले जाग्यावर हान. वायपर गेला."

"वायपर! गेल्या वेळेला कोंबड्यांचा खुराडा उडवलास तेव्हा पण वायपर, त्याच्या आधी शिंदेकाकांची स्कूटर, तेव्हा पण वायपर!"

"तवा पन पाऊस होता रं."

"आईला आता मी गाडी बुक करून देणार. फोनवर बटन दाबलं की एसी गाडी दारात. तू घरी बस. टीव्ही बघ."

धाकू तुळसाकडे बघत राहिला. तुळसा सुपात भात पाखडत होती. तिने मान वर केली नाही, पण पाखडणं थांबलं.

दुसऱ्या दिवशी खरंच एसी गाडी आली. तुळसा मागे बसली. तिने सवयीने ओळ सोडली. पुढच्या ड्रायव्हरने आरशात बघितलं आणि विचारलं, "मावशी, बरं वाटत नाही का? खिडकी उघडू?" तुळसा वाटभर गप्प बसली. मांडवात तिची पहिली ओळ घशातच अडकली. असं आजवर कधी झालं नव्हतं. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. परत आल्यावर तिने मितेशसमोर हात पुढे केला.

"चावी दे त्याला."

"आई, तो कोणाला तरी मारेल!"

"मग वायपर दाखवून ये. वायपरची खोट निघली तर चावी त्याची. नाय निघली तर मी तुझ्या त्या थंड गाडीतना जाईन आनि तोंड शिवून बसेन. आंबिवलीचं लगीन रविवारी हाय. त्याच्या आत काय ते कर."

धाकू म्हणाला, "वागळेला जाव. कल्यानात माझा कोनावर भरोसा नाय."

जीप मितेशने चालवली. धाकू आयुष्यात पहिल्यांदा डाव्या बाजूला बसला होता, आणि ठाणं येईपर्यंत त्याचा उजवा पाय रिकाम्या जागेत ब्रेक दाबत होता. मागे तुळसा होती, निकाल ऐकायला, आणि तिच्या पायाशी तो फाटका फ्लेक्स गुंडाळून ठेवलेला होता. मितेशने तो पुराव्यासाठी आणला होता.

वागळे इस्टेटमध्ये राजरत्नचं गॅरेज आहे. त्याचा बाप आणि धाकू एकाच कारखान्यात होते. राजरत्नला गाडीपेक्षा भाषण जास्त आवडतं. त्याने जीपभोवती एक चक्कर मारली, काचेवर नखाने ओरखडा काढला आणि नख नाकाशी नेलं.

"काका, ही काच आहे की पापलेट मॅरिनेट करून ठेवलंय?"

"हलद हाय ती. तिला हात नको लावू. तू वायपर बघ."

"वायपरच बघतो." त्याने चावी फिरवून वायपर लावला. वायपरचे दोन्ही हात थोडे उचलले गेले, थरथरले आणि थांबले. आतून घुंईऽ आवाज येत राहिला. राजरत्नने बोट वर केलं. "ऐका. मोटर बोंबलतेय. म्हणजे करंट आहे, फ्यूज आहे, मोटर जिवंत आहे. मी आत्ताच लिहून देतो, हाताचे नट ढिले झालेत. मोटर फिरते, हात फिरत नाही. हजार गाड्या बघितल्यात."

त्याने नट तपासले. नट घट्ट होते. मितेशच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"मग पात्यांचं रबर," राजरत्न म्हणाला. रबर नवंच होतं, फक्त पिवळं.

"मग खाली बघावं लागेल," राजरत्न म्हणाला. आवाज थोडा खाली आला होता. "काचेच्या बुडाशी ही जाळीची पट्टी आहे ना, तिच्याखाली पन्हळ असते. मोटरपासून दोन्ही हातांकडे जाणाऱ्या दांड्या त्या पन्हळीत असतात. पाणी साचू नये म्हणून तिला भोक असतं. पण ती कधी कोणाची खराब होत नाही."

"आनि ही दूर्वा?" मागून तुळसा म्हणाली. ती खाली उतरून काचेच्या बुडाशी वाकून बघत होती. जाळीच्या फटीतून हिरवी पाती बाहेर आली होती.

"ती कुठल्यातरी मांडवात खोचली असंल," धाकू म्हणाला. "महिना झाला, वाळली नाय. चांगली दूर्वा हाय."

राजरत्नने वायपरचे हात काढले, स्क्रू काढले आणि जाळीची पट्टी उचलली. मग तो काहीच बोलला नाही, आणि राजरत्न बोलला नाही म्हणून शेजारच्या गाळ्यातले लोकसुद्धा बघायला आले.

पन्हळीत शेत होतं.

वर्षानुवर्षांची झेंडूची फुलं कुजून काळं खत झालं होतं. रस्त्यांची धूळ त्यात मिसळली होती. भोक फुलांनी बुजलं होतं, म्हणून अवकाळीचं पाणी आत साचून राहिलं होतं. आणि त्या चिखलात, या टोकापासून त्या टोकापर्यंत, भाताचं रोप वीतभर वर आलं होतं. दाट, कोवळं, पोपटी. वाऱ्याची झुळूक आली तसं ते एका बाजूला कललं, जसं आमच्या खाडीकाठी कलायचं, जेव्हा तिथे कलायला काही होतं. मुळं दांड्यांना अशी लपेटली होती, की वायपरने आजवर जेवढं काम केलं तेवढं कसं केलं याचंच आश्चर्य वाटावं.

पहिला हसला तो मितेश. त्याला हसता हसता खोकला लागला. "बाबा! अख्ख्या गावात कोणाकडे भात उरलं नाही, आणि तू बोनेटवर पिकवतोयस!"

धाकू हसला नाही. त्याने बोट चिखलात घातलं, एक रोप मुळासकट अलगद उपटलं, बापासारखं उजेडाकडे धरून बघितलं. मग म्हणाला, "लावनीला आलंय."

"काका, लावणी नंतर. पहिलं हे काढू दे," राजरत्न म्हणाला.

धाकूने त्याला हात लावू दिला नाही. त्याने स्वतः ते सगळं रोप चिखलासकट उचललं. शेजारून मासळीचा थर्माकोलचा रिकामा खोका मिळाला, त्यात निगुतीने ठेवलं. मग राजरत्नने तारेने भोक मोकळं केलं, पाणी ओतून पन्हळ धुतली, दांड्यांचे सांधे पुसून त्यांत ग्रीस भरलं. काचेवर पाणी उडवणारी नळीसुद्धा हळदीने बुजली होती. तुळसाने केसातली पिन काढून दिली. राजरत्नने पिन आत घातली, मितेश काय झालं ते बघायला वाकला, आणि नळीने इतक्या दिवसांचं पिवळं पाणी थेट त्याच्या तोंडावर सोडलं.

"लागली हलद," तुळसा म्हणाली. "आता पोरगी बघाय पायजे."

वायपर लावला. दोन्ही हात सुळकन वर गेले आणि सुळकन खाली आले. धाकूने मितेशसमोर तळहात पसरला.

"थांब," मितेश तोंड पुसत म्हणाला. "वायपर चालतो. पण काच तशीच पिवळी आहे. आत्ता पाऊस आला तर?"

सगळे धाकूकडे बघत होते. राजरत्नने भांडी घासायचा लिंबाचा साबण आणि ओलं फडकं आणून बोनेटवर ठेवलं, पण हात लावला नाही.

"पुसायची नसते," धाकू म्हणाला.

"कोन बोल्लं?" तुळसाने विचारलं.

"कोन म्हंजे? असंच असतं. लग्नघरची हलद."

"देवांना बोलावते मी. हलद लावते मी. मना तर कुन्या देवाने सांगितलं नाय गाडी धुऊ नको म्हनून."

"तू इतकी वर्षां बोल्ली नायस!"

"मना वाटलं तुना आलस हाय."

धाकूने काचेकडे बघितलं. त्या काचेवर किती लग्नं होती कोणास ठाऊक. काही मोडलीसुद्धा असतील. मग त्याने फडकं उचललं. साबण लावला, धुतला, परत लावला. पहिल्यांदा पाणी पिवळं गेलं, मग मळकं, मग नुसतं पाणी. धाकू आत जाऊन स्टिअरिंगमागे बसला आणि दचकला. वागळे इस्टेट एवढी कुरूप आहे हे त्याला आजच कळत होतं.

मितेशने फ्लेक्स उलगडला आणि रस्त्यापलीकडच्या भिंतीवर दोन खिळ्यांना अडकवला. राजरत्नने पाण्याचा पाइप काचेवर धरला. काचेवर धो धो पाऊस सुरू झाला. धाकूने वायपर लावला.

"वाच," मितेश ओरडला.

"कं वाचू? नवरदेव हाय. गॉगलची किंमत काढायची ऱ्हायली हाय, चिठ्ठी तशीच लटकतेय."

मितेशने वळून बघितलं. चिठ्ठी होती.

"खाली बघ. मी कुठंय?"

"शेवटच्या रांगत. त्या टकल्याच्या मागं अर्धा. कोट खांद्यात मोठा हाय, आनि बाहीला टाचनी लावलीय."

शेजारच्या गाळ्यातले लोक फ्लेक्सजवळ टाचणी बघायला गेले. मितेशने खिशातून चावी काढली आणि खिडकीतून बापाच्या मांडीवर टाकली. येताना तो डाव्या बाजूला बसला, मांडीवर भाताचा खोका घेऊन. धाकूने त्याला बजावलं होतं, रोप हलता कामा नये.

रविवारी आंबिवलीला परत अवकाळी पाऊस आला. जीप मांडवापासून हातभर अंतरावर, कमानीच्या अगदी मधोमध थांबली. बायका हळदीची वाटी आणि सूप घेऊन धावत आल्या. धाकूने घाईघाईने काच खाली केली आणि आपलं टक्कल बाहेर काढलं.

"गाडीला नाय! हितं लावा! गाडीची सगली हलद हितं लावा!"

बायकांना काय, त्या लावायलाच आल्या होत्या. पाच बोटांवर भागलं नाही. झेंडूचं फूल कानामागे खोचलं गेलं. भात उधळलं ते त्याच्या साखळीत अडकलं. धाकू पिवळ्याधमक डोक्याने दिवसभर मांडवाबाहेर फिरला. वऱ्हाडातल्या एकाने नवरदेवाचा आजा समजून त्याच्या पाया पडून घेतलं, आणि धाकूने आशीर्वाद दिलासुद्धा. हे डोकं त्याने लगीनसराई संपेपर्यंत धुतलं नाही. कायदा कायमच होता. फक्त जागा बदलली होती.

घरी गच्चीवर मासळीच्या खोक्यात भात वाढत होतं. तुळसा रोज सकाळी त्याला पाणी घालायची आणि त्याला नाक मुरडायची, कारण खोक्याचा वास काही जात नव्हता.

त्या रविवारी आंबिवलीहून निघाले तेव्हा पाऊस जोरात होता. तुळसाने पान खाल्लं, घसा खाकरला आणि ओळ सोडली. धाकूने मागून ओढली. दोन ओळी झाल्या आणि ती थांबली.

"पलतोस कनाला? धवला हाय तो, बेंजो नाय."

"मी नाय पलत. वायपर पलतोय. त्याच्या संगतीनं म्हनतोय मी."

तुळसाने काचेकडे बघितलं. वायपर नव्या जोमाने डावीउजवीकडे धावत होता, आणि त्याच्यामागे रस्ता, झाडं, पाऊस सगळं जसं आहे तसं लख्ख दिसत होतं.

"मग त्याला सांग, सावकाश."

धाकूने स्टिअरिंगखालची दांडी एक खाच खाली केली. वायपर रेंगाळला, थांबला, मग धवल्याला हवा तसा आला. तुळसाने ओळ पहिल्यापासून घेतली.